बोलता येईल तेवढंच ओझं

माझा मुलगा बोलायला लागला तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता.

त्याआधी त्याला बोलता येत नव्हतं असं नाही, पण शब्द तो फार जपून वापरायचा. "जेवलास?" "हं." "आवडलं?" "हं." या दोन 'हं'मधला फरक ओळखण्यात माझी उमेदीची वर्षं खर्ची पडली. घरसामान हलवून देणाऱ्या कंपनीत तो कामाला लागला, तिथे पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव 'कुलूप' पडलं. कॉलेज अर्धवट सोडून लोकांचे सोफे उचलायला गेला म्हणून मी पुष्कळ डोकं आपटून घेतलं, पण त्या कामाची त्याला जात्याच समज होती. कुणाच्या घरात शिरला की तो माणसांकडे बघायचाच नाही. आधी दारांकडे बघायचा, मग कपाटांकडे, मग परत दारांकडे, आणि मान हलवायचा. मान आडवी हलली की कपाट खिडकीतून दोरावर काढावं लागणार, हे बाकीच्यांनी आपापलं समजून घ्यायचं.

मग एकदा त्याला ताप आला. ताप साधाच होता. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, काढला, पुसला, परत लावला. मग शेजारच्या खोलीतून दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं आणि दोघांनी आळीपाळीने ऐकलं, नवीन गाणं आल्यासारखं. डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरांना हाक मारतात तेव्हा आईचं काय होतं, ते मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही.

"थोडा आवाज येतोय," ते म्हणाले.

"याच्या आतून? हा तर बाहेरूनही कधी करत नाही."

हृदयाच्या डॉक्टर म्हणजे एक शांत, जाड चष्म्याच्या बाई निघाल्या. सगळ्या तपासण्या झाल्यावर त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. हृदयातून रक्त शरीरात जायला निघतं त्या तोंडाशी एक झडप असते. तिला तीन पाकळ्या असतात. याला जन्मापासून दोनच आहेत. झडपेचं काम तूर्त बरं चाललंय, थोडी गळती आहे, ती चालण्यासारखी. पण तिच्या पुढची मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, सुरुवातीलाच फुगून रुंद झाली आहे. आत्ता ऑपरेशनची गरज नाही. रक्तदाबाची गोळी रोज, मोजमाप दरवर्षी, आणि रुंदी एका हद्दीपलीकडे गेली तर तेवढा तुकडा बदलून टाकायचा.

"म्हणजे दाराला एक फळी कमी आणि पुढचा पॅसेज सैल," मुलगा म्हणाला. त्या महिन्यातलं त्याचं ते सर्वांत लांब वाक्य.

"अगदी बरोबर. काम काय करता?"

"सामान उचलतो."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. जड सामान आजपासून बंद, त्या म्हणाल्या. कपाट नाही, फ्रिज नाही, सोफ्याचं एक टोकसुद्धा नाही. जड उचलताना माणूस श्वास कोंडतो आणि त्या क्षणी आतला दाब सर्रकन चढतो. नेमकं तेच याला नको. हलकं काही उचलायचं असेल तर एक सोपी खूण त्यांनी सांगितली. उचलताना बोलत राहायचं. बोलता येईल तेवढंच ओझं आपलं. बोलणं अडलं की ओझं खाली.

मी बरेच प्रश्न विचारले. "शिंक आली तर?"

"शिंकू द्या, आई."

"खूप जोरात हसला तर?"

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. "हसतो का हा?"

"नाही."

"मग सध्या तरी काळजी नको."

हा प्रकार घराण्यात चालू शकतो, म्हणून आई-वडिलांचीही सोनोग्राफी करून घ्या असं त्यांनी सांगितलं. आमच्या ह्यांना वाटलं, त्यांच्यावर काहीतरी आरोप होतोय. "आमच्याकडे सगळ्यांची हृदयं दणकट," असं वाटेत रिक्षावाल्यालाही सांगून झालं. तपासणीच्या टेबलावर मात्र ते घोरायला लागले आणि तिथल्या मुलीला त्यांना दोनदा हलवावं लागलं. त्यांच्या पाकळ्या तीन निघाल्या. "बघ," माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "माझ्याकडून माल पूर्ण गेला होता." मग मी आत गेले. माझ्याही तीनच. आता कुणाला बोलावं हे ह्यांना कळेना. मुलगा कॅन्टीनबाहेरच्या बाकावर बसला होता. तो म्हणाला, "सामान हलवताना एखादी वस्तू हरवतेच." त्यावर मी हसले आणि मग तिथेच, कॅन्टीनच्या दारात, रडले. ह्यांनी मला चहा पाजला आणि माझ्या वाटची बिस्किटं स्वतः खाल्ली.

कंपनीच्या मालकांनी त्याला काढलं नाही. उचलणारे हात पुष्कळ मिळतात, पण दार बघून कपाटाचं भविष्य सांगणारा एकच आहे, असं त्यांचं म्हणणं. आता तो आदल्या दिवशी जाऊन दारं, जिने आणि वळणं मोजायचा, आणि हलवायच्या दिवशी पुढे उभा राहून सूचना द्यायचा. मधेच लहान खोकी नेऊन ठेवायचा, बोलत.

पण बोलायचं काय? सवय कुठे होती? पहिले काही दिवस तो दिसेल ते बोलायचा. "पायरी. पुढची पायरी. भिंतीचे पोपडे निघालेत. फिनाइलचा वास येतोय. पायरी." एका गिऱ्हाईक बाईंनी घाबरून मालकांना फोन केला की तुमचा माणूस आमच्या जिन्याशी बोलतोय. हळूहळू मात्र त्याला गती आली. खोकं हातात आलं की तोंड सुरू. टीमचा सर्वांत दांडगा गडी, ज्याला सगळे पैलवान म्हणतात, त्याने 'कुलूप' रद्द करून 'रेडिओ' असं नवं नाव जाहीर केलं.

घरी तर मला घबाडच सापडलं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. वर येताना माझ्या हातातली भाजीची पिशवी तो घ्यायचा आणि जिनाभर बोलायचा. चौथीत असताना बाईंच्या खुर्चीवर शाई कुणी सांडली होती, ते मला पहिल्या मजल्यावर कळलं. घरातले पडदे त्याला कधीच आवडले नव्हते, ते दुसऱ्यावर. मी मुद्दाम बटाटे जास्त घ्यायला लागले.

"एवढे बटाटे कोण खाणार आहे?" ह्यांनी विचारलं.

"तुम्ही खा. मला चौथीच्या पुढचं ऐकायचंय."

अशाच एका बटाट्याच्या दिवशी तो बोलत चढत होता. "...पडद्यांना कापड आडवं कापलंय, म्हणून ते झोळीसारखे पडतात, असं ती म्हणते, आणि मला निळा रंग शोभतो असंही ती..." आणि एकदम गप्प.

"बोल!" मी किंचाळले. गप्प झाला म्हणजे श्वास अडकला, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं.

"आई, मी ठीक आहे."

"मग बोल. कोण ती?"

त्याने शांतपणे पिशवी पायरीवर ठेवली. ओझं खाली, म्हणजे बोलायची सक्ती संपली. डॉक्टरांच्या नियमातली ही पळवाट त्याला बरोब्बर सापडली होती. पण मी त्याची आई आहे. मी पायरीवर बसून राहिले. खालून वर जाणाऱ्या शेजारणींना मी "जा, जा तुम्ही" म्हणत होते आणि त्या जात नव्हत्या. शेवटी तो बोलला.

ती टेलर होती. स्वतःचं दुकान. कंपनीतर्फे तो कुणाचे तरी पडदे शिवायला टाकायला गेला होता, हातात कापडाचा गठ्ठा होता, म्हणजे बोलणं भागच. तिला वाटलं, किती मोकळा माणूस आहे! मग तो आपल्या खर्चाने पडद्याचं कापड घेऊन जायला लागला.

"तिला सांगितलंस?"

"काय?"

"छातीतलं."

तो पिशवीच्या बंदाशी खेळत बसला. "आई, ज्या खोक्यावर 'काच, जपून' लिहिलेलं असतं ना, ते कुणी उचलत नाही. पायाने हळूच बाजूला सरकवतात. मी रोज बघतो."

तिला लग्नाचं विचारण्याआधी सांगायला हवं, एवढंच मी म्हटलं. त्यालाही ते पटत होतं. तिचं दुकान महिनाअखेर दुसऱ्या जागेत जाणार होतं आणि हलवायचं काम याच्याच कंपनीकडे होतं. "दुकान हलवून झालं की त्याच दिवशी सांगतो," तो म्हणाला. "पण सांगणार मी. तू तोंड उघडायचं नाहीस. शपथ."

मी शपथ घेतली आणि त्या दिवशी बरोबर गेले. माझं काय काम होतं? बटणांच्या काचेच्या बरण्या. त्या टेम्पोत फुटतील, मी मांडीवर घेऊन बसते, असं मी सांगितलं. मुलाने कपाळाला हात लावला. टेलरबाईला ते फार आवडलं. "काकू, या बरण्यांची काळजी आजवर कुणीच केली नव्हती," ती म्हणाली. सडपातळ, चटपटीत, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, आणि त्या टाचण्यांसकट स्पष्ट बोलणारी. माझा अर्धा जीव तिथेच भांड्यात पडला. उरलेला अर्धा तिच्या वडिलांना बघून परत वर आला.

ते शाळेत पीटीचे सर होते. निवृत्त झालेत, पण शिट्टी अजून खिशात. एक गुडघा नुकताच बदललेला, म्हणून ते खुर्चीत बसून सगळ्यांना कवायत देत होते. "पाठ ताठ! गुडघ्यातून वाका! श्वास रोखा आणि उचला!" माझ्या मुलाच्या हातात दोऱ्यांच्या रिळांचं हलकं खोकं होतं आणि तो नियमाप्रमाणे बोलत चालला होता. सरांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "तरुण माणसा, तोंडाची हवा वाया घालवू नकोस. श्वास रोख!"

"रोखू नकोस!" माझ्या तोंडून निघून गेलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. "म्हणजे... रिळं... गरम हवेत... रोखू नये," मी म्हटलं आणि बरण्या मोजायला लागले.

नवी जागा पहिल्या मजल्यावर होती. जिना अरुंद, मधे काटकोनात वळण, एका बाजूला लोखंडी कठडा. सगळं वर गेलं आणि शेवटी राहिलं ते कापडाचं कपाट. सागवानी, माणसापेक्षा उंच, दाराला पूर्ण लांबीचा आरसा. त्या दिवशी टीममधला एक गडी पाठ धरल्याने आला नव्हता. दुसरा एक मिशीवाला गडी वरून ओढत होता, पैलवान खालून पेलत होता. वळणावर कपाट कठड्यात आणि भिंतीत असं पाचरीसारखं बसलं की ना वर जाईना ना खाली येईना. आरशावर बांधलेली गोधडी घसरून पैलवानाच्या खांद्यावर आली.

माझा मुलगा म्हणजे जिन्यांची मोजणी करण्यात तरबेज माणूस. तिथे खाली उभी राहून मी त्याला हळूच विचारलं, "तू मोजलं नव्हतंस?"

"मोजायला आलो होतो," तो तोंडातल्या तोंडात म्हणाला. "पण ती बरोबर होती."

टेलरबाई कपाटाच्या पलीकडे, वरच्या पायऱ्यांवर होती. तिला आम्ही दिसत नव्हतो, आम्हाला ती. फक्त आवाज यायचा. "काय झालं? अडकलं?"

"डावा कोपरा वीतभर उचलला की सुटेल!" पैलवान ओरडला. "एक हात कमी पडतोय!"

पीटीचे सर कठडा धरून दोन पायऱ्या वर आले. "अहो तरुण, बघत काय उभे राहिलात? लावा हात! माझा गुडघा नवा आहे, नाहीतर मीच लावला असता!"

पैलवानाला सगळं ठाऊक होतं. "याला नको! याला नाही जमत!" तो म्हणाला.

"का नाही जमत? एवढा धडधाकट तर आहे!"

वरून तिचा आवाज आला. "अरे, लाव ना हात जरा. वीतभरच तर आहे."

आणि माझा मुलगा पुढे झाला. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पैलवानाच्या बगलेखालून वाकला आणि डाव्या कोपऱ्याखाली दोन्ही हात घातले. मी मूग गिळून उभी होते, शपथ होती ना. मी वाट बघत होते की आता हा बोलेल. पायरी म्हणेल, भिंत म्हणेल, काहीतरी म्हणेल. तो गप्प होता. एकतीस वर्षं मी त्याचं गप्प राहणं ऐकलंय, पण हे वेगळं होतं. खांदे वर चढले होते.

"शाब्बास! रोखा श्वास!" सर म्हणाले.

"बोल!" मी ओरडले. "अरे बोल!"

"रोखा!"

"बोल रे! काहीही बोल! पडद्यांना शिव्या घाल!"

"खाली चाललंय तरी काय?" वरून.

आरसा त्याच्या तोंडासमोर होता. त्यात तो दिसत होता आणि त्याच्या मागे मी, छातीशी बटणांची बरणी कवटाळून उभी. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग हात काढून घेतले, सरळ उभा राहिला आणि कपाटाला म्हणाला, "मला हे उचलता येणार नाही."

"का रे?" कपाटाने, म्हणजे तिने, विचारलं.

एकदा सुरू झाल्यावर मात्र तो थांबला नाही. तो ताप, ते दोन डॉक्टर, दोन पाकळ्या, पुढचा सैल पॅसेज, रोजची गोळी, बोलत राहायचा नियम. पहिल्या भेटीत आपण एवढं का बोललो तेही सांगून टाकलं. "मी मोकळा माणूस नाहीये. माझ्या हातात गठ्ठा होता." हे सगळं तो आरशाकडे बघून सांगत होता आणि पलीकडून अवाक्षर येत नव्हतं.

"रेडिओ," पैलवान कळवळून म्हणाला, "बातम्या जरा आटोप. माझे हात गळून पडतील."

"तुला लग्नाचं विचारायचं होतं," तो म्हणाला, "पण आधी हे सांगायचं होतं. आज संध्याकाळी. जिन्यात नव्हतं सांगायचं."

सरांनी खिशातली शिट्टी काढली आणि परत ठेवली.

मी बरणी एवढी घट्ट धरली होती की झाकण बोटाला रुतलं. मग तिचा आवाज आला, अगदी रोजचा, दुकानातला.

"माप किती?"

"अं?"

"त्या नळीचं. माप किती?"

"चार पूर्णांक चार. सेंटिमीटर."

"असायला किती हवं?"

"साडेतीनच्या आसपास."

"वाढतंय?"

"वर्ष होत आलं, अजून माहीत नाही. पुढच्या महिन्यात परत मोजणार आहेत."

"आणि वाढलं तर?"

"तेवढा तुकडा कापून काढतात आणि दुसरी नळी शिवतात."

"शिवतात?" आवाज एकदम जवळ आला. ती खाली उतरून कपाटाला चिकटली असावी. "कशाची नळी?"

"कापडाची. पॉलिएस्टरची असते म्हणे."

"हाताने शिवतात?"

"हातानेच."

"टाका कुठला घालतात?"

त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. डॉक्टरांना मी शिंकेपासून उचकीपर्यंत सगळं विचारलं होतं, टाका विचारायचा राहिला होता.

"कमाल आहे तुझी!" ती तडकली. "एवढी मोठी गोष्ट महिनोन्‌महिने पोटात ठेवलीस, त्याचा राग मी नंतर सावकाश काढणार आहे. पण टाका नाही विचारलास? कापड पॉलिएस्टर आहे ते बरं. आटत नाही. सुती असतं तर मी नाहीच म्हणाले असते."

"म्हणजे... हो?"

"आधी माझं कपाट सोडव. उचलू नकोस. नीट बघ आणि सांग, कुठे उसवायचं."

मग त्याने पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदा नीट पाहिलं. वळण, कठडा, कपाट, परत वळण. "वरची कंगोऱ्याची पट्टी नंतर जोडलेली आहे," तो म्हणाला. "चार स्क्रू आहेत. काढली की वळेल." मिशीवाल्याने वरून स्क्रू काढले, पट्टी सुटली आणि कपाट मुकाट्याने वळून वर गेलं. पैलवान पायरीवर बसला आणि दोन्ही तळहात पुढे धरून म्हणाला, "माझ्या पाकळ्या मोजा कुणीतरी."

सर माझ्यापाशी येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता हे नाही म्हणणार. त्यांनी घसा खाकरला. "ताई, माझा गुडघा धातूचा आहे. पोरीने तेव्हा डॉक्टरांना विचारलं होतं, याला गंज नाही ना चढत." मग जिन्याकडे बघत म्हणाले, "श्वास रोखायला मी फार वेळा सांगितलं का हो त्याला?"

"बऱ्याचदा," मी म्हटलं. त्यांचा चेहरा इतका उतरला की मी त्यांना एक बरणी धरायला दिली.

पुढच्या महिन्यात मोजमापाला आम्ही तिघं गेलो. मी, मुलगा आणि ती, गळ्यातली टेप काढायची विसरलेली. डॉक्टरांनी पडद्यावर बघून सांगितलं की माप तेवढंच आहे, एक रेषही वाढलेलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं, पण तिला तेवढाही वेळ नव्हता.

"डॉक्टर, बदलायची वेळ आलीच तर टाका कुठला?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांना हा प्रश्न बहुधा कुणी विचारलेला नसावा. शिवायचं काम सर्जनचं, पण पाहिलंय, असं म्हणून त्यांनी कागद ओढला आणि चित्र काढलं. सलग टाका. बारीक दोरा, न तुटणारा, आणि दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुई.

"दोन्ही टोकांना सुई!" ती खुर्चीतून उठलीच. "म्हणजे एका जागेपासून सुरू करून दोन्हीकडून शिवत यायचं आणि समोर गाठ! अहो, गोल बाहीला हेच तर हवं असतं! कुठे मिळतो हा दोरा?"

आणि माझा मुलगा हसला. 'हं' नव्हे, मान मागे टाकून, खो-खो, खुर्ची मागे सरकेपर्यंत हसला. मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. मी खुर्चीची कड धरली आणि डॉक्टरांकडे पाहिलं. माझा जुना प्रश्न त्यांना आठवला असावा, कारण मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "हसू द्या, आई."